आभाळ का थरथरते?



२०२४ सालची अक्षय तृतीया १० मे रोजी, शुक्रवारी आली होती. त्या दिवशी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, हे तुम्हांला नव्याने सांगायला नको. सायंकाळी शेतात घट मांडतात. सभोवती अठरा प्रकारची धान्ये, मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर. रात्री तिथे कोणी थांबत नाही. पहाटे धान्य कुठे सरकले, ढेकूळ किती भिजले, ते पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात.

त्या वर्षी घट मांडून लोक घरोघर गेले आणि त्याच रात्री लडाखमधल्या हानले गावावरचे आभाळ तांबडे झाले. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. मध्यरात्रीनंतर उत्तरेच्या क्षितिजावर लाल प्रकाश चढत गेला आणि तो तिथल्या कॅमेऱ्यांनी टिपला. युरोप-अमेरिकेत तर त्या रात्री लोक अंगणात उभे राहून हिरवे, गुलाबी, जांभळे आभाळ पाहत होते. वीस वर्षांत एवढे मोठे सौरवादळ झाले नव्हते.

दोन दिवसांनी मी एका गावी सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याचे प्रात्यक्षिक घेत होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडणे चालू होते. एक वृद्ध आजी जवळ येऊन बसल्या. हातात नातवाचा फोन होता. म्हणाल्या, "सायेब, तिकडं आभाय लाल झालं म्हंतेत. मंग औंदा पानी कसा राहीन?"

मी म्हणालो, "आजी, त्या लालीचा आणि आपल्या पावसाचा काही संबंध नाही."

आजींनी मान हलवली, पण फोन काही खाली ठेवला नाही. त्यावर परदेशातले चलचित्र होते. हिरव्या उजेडाचा पडदा आभाळभर पसरलेला आणि त्यात वाऱ्यावरच्या दिव्यासारखी फडफड. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. "एवढ्या वरतं वारा त नाई म्हंता. मंग हा दिवा फडफडते कायनं?"

मला उत्तर आले नाही. आम्ही कृषी पदवीधर; माती, पाणी, कीड, खत एवढेच आमचे शिक्षण. "शोधून सांगतो, आजी," असे म्हणून मी सुटका करून घेतली. त्या शोधाचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

लोणारचे पाणी आणि लडाखचे आभाळ

पहिल्या प्रश्नाकडे आधी पाहू, कारण तो कोणाही शेतकऱ्याच्या मनात येणारच. आकाशात किंवा पाण्यात अवचित रंग पालटला की आपल्याला पुढच्या अरिष्टाची शंका येते. जून २०२० मध्ये आपल्याच लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाही किती तर्क झाले ते आठवा. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांची वाढ झाली होती. रंग त्यांच्या अंगचा होता. पावसाळ्यात नवे पाणी आले तसा तो ओसरला.

आभाळाच्या लालीचेही तसेच आहे. तिला कारण आहे, आणि ते कारण मोजता येते. आपला पाऊस ढगांतून पडतो आणि ढग जमिनीपासून फार तर पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत असतात. हा उजेड शंभर ते तीन-चारशे किलोमीटर उंचीवरचा असतो. तो पाहून पेरणी पुढे ढकलू नका आणि मागेही घेऊ नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेली की पेरा, हा नियम लाल आभाळाने बदलत नाही.

हा उजेड येतो कुठून?

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याच्याकडून उजेड आणि ऊन येते, तसा विद्युतभारित कणांचा एक झोतही अखंड येत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. एरवी त्याचा वेग सेकंदाला चार-पाचशे किलोमीटर असतो. सूर्यावर स्फोट झाला की त्याच वाऱ्याचे वादळ होते आणि ते एक ते तीन दिवसांत पृथ्वीवर येऊन आदळते.

पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे. शेतात वरून येणारे पाणी बांध जसा अडवतो आणि बाजूने वळवतो, तसे हे चुंबकत्व सौरवाऱ्याला अडवते. तरीही बांधावर ताण येतोच. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला हे चुंबकीय क्षेत्र लांब शेपटीसारखे ओढले जाते. ओढता ओढता ताण साठतो आणि एका क्षणी सुटतो. मग तिथले इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण ध्रुवांकडे धाव घेतात. चुंबकाच्या बलरेषा दोन्ही ध्रुवांपाशी जमिनीकडे उतरतात. पाण्याने पाटाने जावे तसे हे कण त्या रेषांच्या वाटेने खाली येतात. खाली हवेच्या अणूंवर आदळले की अणू चेततात आणि उजेड देतात. यालाच ध्रुवीय प्रकाश किंवा अरोरा म्हणतात.

सुमारे शंभर ते दीडशे किलोमीटरवर प्राणवायूचा अणू हिरवा उजेड देतो. दोनशे किलोमीटरच्या वर तोच अणू लाल उजेड देतो. नत्रवायूचा उजेड निळसर-जांभळा असतो. हानलेहून फक्त लाल दिसला, कारण तो देखावा फार दूर उत्तरेकडचा. गावाबाहेरून पाहिले तर देवळाचा कळस तेवढा दिसतो, पायऱ्या दिसत नाहीत, तसा हा प्रकार.

या रंगांत एक गंमत आहे आणि ती आजींच्या प्रश्नाला लागून आहे. चेतलेला प्राणवायू लाल उजेड बाहेर टाकायला सरासरी दीड-दोन मिनिटे घेतो. हिरव्याला पाऊण सेकंद पुरतो. नत्राचा निळसर उजेड तर धक्का बसताच निघतो. म्हणून लाल प्रकाश हा गोवरीच्या निखाऱ्यासारखा असतो. फुंकर थांबली तरी तो धुमसत राहतो. नत्राचा उजेड हा चकमकीच्या ठिणगीसारखा. फडफड पाहायची तर ती ठिणगीत दिसेल, निखाऱ्यात नाही. हानलेचे आभाळ लाल आणि संथ राहिले, आणि उत्तरेकडच्या देशांत पडदे लखलखले, त्यामागे हेही एक कारण आहे.

दिवा फडफडतो कशाने?

आता मुद्द्यावर येऊ. वर वारा नाही हे आजींचे म्हणणे बरोबर होते. तिथे आपल्या ओळखीची हवा जवळपास नसते. पण जागा रिकामीही नसते. तिथे प्लाझ्मा असतो. तापवले की बर्फाचे पाणी होते, पाण्याची वाफ होते. वायूला त्याहून फार जास्त ऊर्जा मिळाली की अणू फुटून त्याचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि उरलेला भारित अणू, ज्याला आयन म्हणतात, तोही सुटा फिरू लागतो. या सुट्या कणांच्या घोळक्याला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज हाही प्लाझ्माच.

या प्लाझ्मात चुंबकीय बलरेषा ताणलेल्या दोरासारख्या असतात. विहिरीवरचा नाडा एका टोकाला हलवला की लाट दुसऱ्या टोकापर्यंत पळत जाते, हे तुम्ही पाहिले आहे. बलरेषांवरही तशाच लाटा पळतात. हे गणिताने प्रथम मांडले ते स्वीडनच्या हान्नेस आल्फव्हेन यांनी, १९४२ साली. तेव्हा पुष्कळांनी मान्य केले नाही. १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता खळे डोळ्यांपुढे आणा. मळणी यंत्रे आली नि खळी गेली, पण आमच्या पिढीने पात धरलेली आहे. मधल्या मेढीभोवती बैल गोल गोल फिरत. आयनसुद्धा बलरेषेभोवती असेच फिरतात. बलरेषा ही मेढ आणि आयन हे बैल. बैल जड असला की फेरी सावकाश, हलका असला की झपझप. प्राणवायूचा आयन हायड्रोजनच्या आयनापेक्षा सोळापट जड, म्हणून त्याच्या फेऱ्या सोळापट कमी. ध्रुवांच्या वर चार-पाच हजार किलोमीटर उंचीवर प्राणवायूचा आयन सेकंदाला सुमारे दहा फेऱ्या घेतो.

आणि ध्रुवीय प्रकाशाची फडफड किती वेळा होते, म्हणाल? बहुधा सेकंदाला तीन ते पंधरा वेळा, आणि पुष्कळदा दहाच्या आसपास! हा मेळ योगायोगाचा नाही. त्या उंचीवर आयनांच्या फेऱ्यांच्या तालाशी जुळणाऱ्या लाटा उठतात. खाली निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोताला या लाटा आपल्या तालावर ढकलतात. सलग धार येण्याऐवजी कण घोळक्याघोळक्याने येतात. एक घोळका आदळला की उजेड वाढतो, मध्ये खंड पडला की उतरतो. हीच ती फडफड. वेगवेगळ्या दिशांच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की काही किलोमीटर रुंदीचे ठिपके लुकलुकतात आणि सरकतात.

यातून शास्त्रज्ञांना फार मोठी सोय झाली. बैलांच्या घुंगरांवरून गाडी कोणाची ते अंधारात ओळखू येते ना? तसा फडफडीचा ताल मोजला की वर कोणता आयन फिरतो आहे, कोणत्या उंचीवर गोष्टी घडत आहेत, याचा अंदाज जमिनीवरूनच बांधता येतो. मार्च २०१६ मध्ये अलास्कात जपानी शास्त्रज्ञांनी अतिशय जलद कॅमेरा लावला, तेव्हा सेकंदाला ऐंशी वेळांपर्यंतची फडफड सापडली. आपल्या डोळ्यांना ती दिसणारही नाही. सिनेमाच्या पडद्यावरची सेकंदाला चोवीस चित्रेसुद्धा आपल्याला सलगच वाटतात. एवढा जलद ताल जड प्राणवायूला झेपणारा नाही. ते काम हलक्या हायड्रोजनच्या लाटांचे असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पहाटेची किलबिल

थरथरीचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात उजेडाचे ढगासारखे ठिगळ उमटते, विझते, पुन्हा उमटते. ही उघडझाप सावकाश असते. काही सेकंदांपासून वीस-तीस सेकंदांपर्यंत एक वेळ जाते. पहाटेच्या बाजूला ती अधिक दिसते.

हिच्यामागे वेगळ्या लाटा आहेत. पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर दूर, इलेक्ट्रॉन बलरेषांवरून उत्तर-दक्षिण असे झोके घेत असतात. तिथे एक प्रकारच्या प्लाझ्मा-लाटा उठतात. त्या लाटा म्हणजे काही आवाज नव्हे, पण त्यांची कंपने नेमकी आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्यात बसतात. साध्या ग्राहक यंत्राला कर्णा जोडला की पहाटे पाखरांची किलबिल चालली आहे असे वाटते. म्हणून शास्त्रज्ञांनी तिला पहाटेच्या पाखरांच्या समूहगानाचेच नाव दिले.

बोरीची फांदी हलवली की पिकली बोरे टपटप पडतात. या लाटा झोके घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांना तशाच हलवतात. जे सुटतात ते खाली हवेत येऊन पडतात आणि ठिगळ उजळते. लाट थांबली की ठिगळ विझते. बरीच वर्षे हा तर्क होता. जपानने डिसेंबर २०१६ मध्ये आरासे नावाचा उपग्रह सोडला. त्याने वर लाटा आणि गळणारे इलेक्ट्रॉन एकाच वेळी मोजले, खाली जमिनीवरच्या कॅमेऱ्याने उजेडाची उघडझाप टिपली, आणि तिन्हींचा ताल जुळला. २०१८ साली ते प्रसिद्ध झाले.

अलिबागची वही

तुम्ही म्हणाल, हे सारे ध्रुवाकडचे. महाराष्ट्राचा इथे काय संबंध? संबंध आहे आणि तो अभिमानाचा आहे.

मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा निघाली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. निरीक्षकाने ठरल्या वेळी जायचे, दोरीला टांगलेले चुंबक किती हलले ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. एवढेच काम, रोज, वर्षानुवर्षे. २ सप्टेंबर १८५९ रोजी, ज्ञात इतिहासातले सर्वांत मोठे म्हणून गाजलेले सौरवादळ आले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी वाचन सोडले नाही. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे आपल्याकडच्या आडव्या क्षेत्राच्या शेकडा चार इतके, एकदम घसरले. ती घसरण त्यांनी वहीत उतरवली. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून तीच वही उघडली आणि त्या वादळाचा जोर ठरवला. लिहिणाऱ्यांना आपण कशासाठी लिहितो आहोत, हे तेव्हा कळणेही शक्य नव्हते.

आणि ऐका. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री प्रत्यक्ष मुंबईच्या आभाळात हा ध्रुवीय प्रकाश दिसला! मुंबई ते एडन समुद्राखालून तारेची दोरी होती. तिच्यावरचे संदेश काही तास विस्कळीत झाले. तेव्हा लाल आभाळ आपल्या मराठी मुलखालाही अगदी परके नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या तारांजवळ चुंबकाची नाजूक मोजणी बिघडणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी मोजणीसाठी अलिबाग निवडले. १९०४ साली तिथे वेधशाळा उभी राहिली. लोखंडाचा अंश नसलेला पोरबंदरी दगड तपासून आणला. आणि सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदमच मोजणी केली, म्हणजे जुन्या वहीचा आणि नव्या वहीचा सांधा बिनचूक बसावा. अलिबागची ती नोंद आजही चालू आहे. तिचा कारभार पाहणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्य ठाणे नवीन पनवेलला आहे. बलरेषांवरून पळणाऱ्या लाटांपैकी सावकाश हेलकावणाऱ्या लाटा थेट जमिनीपर्यंत पोचतात आणि अशा वेधशाळांच्या आलेखांवर बारीक थरथरीच्या रूपाने उमटतात.

माझी वही

हे वाचत असताना मला माझी स्वतःची एक वही आठवली. बरेच दिवस सांगायचे राहिले होते, आज सांगतो.

नोकरीतला माझा पहिला पावसाळा होता. एका गावी पर्जन्यमापक माझ्या ताब्यात होता. रोज सकाळी साडेआठला मोजायचे आणि नोंदवहीत लिहायचे. पोळ्याला मी घरी गेलो. दोन दिवसांनी परत येऊन पाहतो तर बाटलीत ८४ मिलिमीटर पाणी. मी विचार केला, दोन दिवसांचा पाऊस, निम्मा निम्मा करू. ४२ आणि ४२ असे लिहून मोकळा झालो.

पण तो सारा पाऊस एकाच रात्री पडला होता. नाल्याकाठची कपाशी आणि तूर खरडून गेली होती. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, हा हिशेब तुम्हांला पाठ आहे. माझ्या वहीत अतिवृष्टी नव्हती. गावकरी आले, म्हणाले, "सायेब, त्या रातचा पानी आमी डोयानं पायला." मी वरिष्ठांना खरे सांगितले. पण वही वर गेली होती, आणि वहीत लिहिले तेच खरे ठरले. त्या नाल्याकाठच्या घरांना मदत मिळाली नाही. त्या दोन आकड्यांसाठी मी शिक्षा भोगली नाही. ती त्यांनी भोगली.

कुलाब्याच्या निरीक्षकांनी आपल्यासारखेच घर, सण, आजारपण पाहिले असेल. तरी वही कोरी पडू दिली नाही, आणि अंदाजाने भरलीही नाही. म्हणून मी सांगतो, पंचवीस-तीस एकर शेती असो की दोन एकर, घरी एक साधा पर्जन्यमापक ठेवा. मोजा आणि त्याच दिवशी लिहा. न मोजलेल्या दिवसापुढे "मोजले नाही" असेच लिहा.

आपले काय अडते?

सौरवादळाने पीक जळत नाही, गुरे आजारी पडत नाहीत, माणसालाही जमिनीवर धोका नसतो. धोका आहे तो तारा आणि उपग्रहांना. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळाने नऊ तास गेली होती. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने आपल्याकडच्या वीजवाहिन्यांना त्या मानाने भीती कमी. पण उपग्रहावर चालणारी सोय मात्र बिघडू शकते. मे २०२४ च्या त्याच वादळात अमेरिकेत मक्याची पेरणी ऐन भरात होती. तिथले ट्रॅक्टर उपग्रहाच्या इशाऱ्यावर सरळ तास धरतात. इशारे चुकू लागले आणि कित्येकांना पेरणी थांबवावी लागली. आपल्याकडेही फवारणीचे ड्रोन, उपग्रहाने जमीन मोजणी हे सारे आले आहे. कधी यंत्र अचानक भलतीच जागा दाखवू लागले, तर लगेच यंत्राला किंवा चालवणाऱ्याला दोष देऊ नका. त्या दिवशी सौरवादळ होते का, तेही विचारा.

अशा वादळाची आगाऊ खबर मिळावी म्हणूनच या लाटांचा आणि सौरवाऱ्याचा एवढा अभ्यास चालतो. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या ठाण्यावर पोचले. त्यावरची सूर्याची चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे. मे २०२४ चे वादळ या यानानेही टिपले.

पुन्हा आजींकडे

सोयाबीन निघाल्यावर मी त्या गावी गेलो. आजी ओट्यावर तूर निवडत होत्या. मी नाडा, खळे, बैल अशी सारी हकिकत सांगितली. प्राणवायूच्या बैलाला दहा फेऱ्या आणि हायड्रोजनच्या गोऱ्ह्याला एकशे साठ, हे त्यांना फार पटले. मग मी फोनवर त्या लाटांचे ध्वनिमुद्रण लावले. अंगणात ती किलबिल सुरू झाली. आजींनी हातातले सूप खाली ठेवले आणि निंबाच्या झाडाकडे पाहिले.

"हे त पाखरं हायेत," त्या म्हणाल्या.

"नाही आजी, हाच तो तुमचा वारा."

त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितले. ऐकून झाल्यावर नातवाला हाक मारली आणि म्हणाल्या, "सायेबाच्या तोंडून ऐक अन् तुया वहीत लिवून ठेव."